पाऊण लिटर

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला आकडा लिहून दिला: 750. दिवसभरात एवढेच मिलिलिटर. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. 2022 चा एप्रिल होता. सोलापुरातला एप्रिल इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी अकराला रस्ता ओस पडतो आणि रात्री झोपताना भिंतीला हात लावला तरी ऊब लागते. तशात आमच्या ह्यांना पाऊण लिटर पाण्यावर दिवस काढायचा होता.

घरी आल्यावर मी बाजारात मिळते तशी एक लिटरची बाटली घेतली, पाऊण लिटरवर खिळा तापवून खूण केली आणि रात्री भरून झाकून ठेवली. ती बाटली अजून आहे. खूण इतकी खोल गेली होती की दोनदा गळायला लागली, दोनदा मेण लावलं.

हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की कान लावून ऐकायचे आणि कुठला भाग झिजलाय ते सांगायचे. रक्तदाब होताच. गोळी आठवली तर घ्यायची, आणि अंग दुखलं की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, असं वर्षानुवर्षं चाललं. उचकी थांबेना, जेवण नको वाटायला लागलं, पाय सुजले, तेव्हा तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, 11. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. आज चौथं वर्ष संपून गेलंय आणि वार तेच आहेत.

मी जन्माने ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मूळची अमेरिकन मराठी मिशनची, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. रविवारच्या शब्बाथशाळेत बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय तोंडपाठ म्हणून मला बक्षीस मिळालं होतं. त्यात पौल म्हणतो की संकटातून धीर येतो, धीरातून शील, शीलातून आशा. पुढे बालवाडीची शिक्षिका झाले, महिला मंडळाची चिटणीस झाले, आणि हीच साखळी मी कितीतरी घरी जाऊन सांगितली. एकीकडून संकट घातलं की दुसरीकडून आशा बाहेर येते, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. मला खरोखर तसंच वाटायचं, हे इथे सांगायला हवं. मी कुणाला फसवत नव्हते.

पहिल्या सहा महिन्यांत मी खूप प्रार्थना केली. उपवास केले, पहाटे चारला उठून गुडघे टेकले. पण आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं की ती सगळी देवाणघेवाण होती. मी एवढं करते, तू एवढं कर. वीस वर्षं तुझ्या मंडळीत झाडू मारण्यापासून हिशेबापर्यंत सगळं केलं, त्याचं काहीतरी धर. तोंडाने असं म्हणत नव्हते, पण प्रार्थनेचा सूर तोच होता.

त्याच काळात मी ती चूक केली. लिहायला जड जातं, पण ती वगळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

2022 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या गावाहून एक प्रचारक आले होते. मांडव घालून आरोग्यसभा होती, प्रार्थनेने आजार बरे करायची. मी ह्यांना आग्रहाने नेलं, गुरुवारी संध्याकाळी. प्रचारकांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, "काम झालंय. विश्वास असेल तर आता त्या मशीनकडे बघू नका." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे कमी बोलतात. ती नजर विचारत होती, काय करू? मी म्हणाले, "विश्वास ठेवू या." शुक्रवारी डायलिसिसला गेलो नाही. केंद्रातून फोन आला तो मी उचलला नाही. शनिवारी हे म्हणाले, छातीत भरल्यासारखं होतंय. मी स्तोत्रं वाचली. रविवारी उपासनेत मी साक्ष दिली की प्रभूने माझ्या नवऱ्याला बरं केलं, आणि मंडळीने आमेन म्हटलं.

रविवारी रात्री दोन वाजता हे उठून बसले. आडवं होता येईना. श्वास घेताना हुक्क्यासारखा आवाज आणि ओठ निळे. बुधवारनंतर शरीरातलं पाणी कुठेच गेलं नव्हतं, ते फुप्फुसात चढलं होतं. शेजारच्या अक्कांनी त्यांच्या मुलाला उठवलं, त्याच्या रिक्षात ह्यांना मध्ये बसवून दोन्ही बाजूंनी धरलं. तातडीचं डायलिसिस झालं, साडेतीन लिटर पाणी काढलं. ड्यूटीवरच्या मुलाने, टेक्निशियनने, मला फक्त एकच विचारलं, "मावशी, शुक्रवारी का नाही आलात?" मला उत्तर देता आलं नाही.

पहाटे आमच्या मंडळीचे पाळकसाहेब आले. मला वाटलं, आता हे काहीतरी वचन सांगतील. ते माझ्याशेजारी बाकड्यावर बसले. साडेपाचपासून साडेनऊपर्यंत बसले. एकदा उठून चहा आणला, कपाच्या कडेवरची साय बोटाने काढून माझ्यासमोर धरला, आणि परत बसले. त्या चार तासांत ते काही बोलले नाहीत. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा ते सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते, हे मी नंतर वाचलं. म्हणजे वाचलेलं होतंच, पण तोवर लक्ष नेहमी पुढच्या भाषणांवर गेलं होतं. त्या मित्रांनी जे बरोबर केलं ते त्या सात दिवसांत. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं, आणि शेवटी देवाने रागे भरलं ते ईयोबाला नाही, त्यांना.

त्यानंतर कितीतरी आठवडे माझी प्रार्थना बंद होती. रविवारी जायचे, ओठ हलवायचे. रागही होता आणि लाजही. ज्या मंडळीसमोर साक्ष दिली तिच्यासमोर पुन्हा उभं कसं राहायचं? हे एका शब्दाने मला बोलले नाहीत. त्यामुळे आणखी अवघड झालं.

पाळकसाहेबांना मी एकदा सांगून टाकलं की मला देवाशी बोलता येत नाही. ते म्हणाले, "मग 88 वं स्तोत्र वाचा." मी वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटाकडे कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारावरच होतो. दीडशे स्तोत्रांत हे एक असं आहे आणि ते कुणी काढून टाकलं नाही, ते पवित्र शास्त्रात आहे, देवाच्याच समोर म्हटलेलं आहे. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते तीनदा वाचलं. मग कितीतरी दिवसांनी माझी पहिली खरी प्रार्थना झाली. ती एका ओळीची होती: "देवबापा, मला तुझा राग आलाय." तीच रोज म्हणायचे. दुसरं काही सुचत नव्हतं.

याच दिवसांत स्वयंपाकही नव्याने शिकले. बटाटा, भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी टाकून द्यायचं, मग शिजवायची. म्हणजे पोटॅशियम उतरतं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्या घरात पाणी फेकायला हात धजत नाही. ते मी गवती चहाच्या कुंडीला घालायचे. केळी बंद, शहाळं बंद. सगळ्यात कठीण गेली शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी आणि कडक भाकरी म्हणजे ह्यांचा जीव. आहाराच्या मॅडमनी शेंगदाण्यावर काट मारली. मी उखळ पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. दोन दिवसांनी ह्यांनीच ते खाली काढलं. म्हणाले, "पोरीला खाऊ दे की. मी वास घेतो."

तहान मात्र काही केल्या मिटत नाही. उलट डायलिसिसहून आल्यावर जास्त लागते. ओठ सुकतात, जीभ टाळूला चिकटते. आम्ही युक्त्या शिकलो. लवंग चघळायची, बर्फाचा लहान खडा तोंडात धरायचा आणि तो बाटलीच्या मापात मोजायचा, चूळ भरून थुंकायची. एकदा मे महिन्यात मध्यरात्री मी उठले तर हे न्हाणीघरात उभे होते, पाण्याने भरलेल्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून. पीत नव्हते. नुसते उभे होते. मी मागे फिरले, त्यांना कळू दिलं नाही.

2023 चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 7 एप्रिलला होता. आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी मला पाचवा उद्गार दिला. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "तुमच्या घरात त्याबद्दल जेवढं कळतं तेवढं माझ्या पुस्तकांना कळत नाही." पाचवा उद्गार तहानेचा आहे: "मला तहान लागली आहे."

तीन आठवडे मी त्या एका ओळीशी बसले. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला ज्याने जिवंत पाण्याचं सांगितलं, त्याच्या तोंडी हे शब्द. लहानपणापासून वाचत आले होते, पण त्यात एक शरीर आहे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली, दुपारचं ऊन. मग मला न्हाणीघर आठवलं. तोवर मी देवाला वर कुठेतरी, औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या हातात घेऊन बसलेला समजत होते, आणि तो देत का नाही म्हणून भांडत होते. तो ह्यांच्या शेजारी बादलीपाशी उभा असू शकतो, त्यालाही ती तहान अंगाने माहीत आहे, हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. किडनी का गेली, आमचीच का, हे मला आजही माहीत नाही. पण माझं भांडण त्या दिवसापासून अनोळखी माणसाशी राहिलं नाही.

त्या शुक्रवारी हे सकाळचं डायलिसिस करून, दंडाला पट्टी तशीच ठेवून येऊन बसले. मी बोलायला उभी राहिले आणि आधी नोव्हेंबरातली साक्ष मागे घेतली. काय घडलं, कुणाच्या सांगण्याने, मी फोन का उचलला नाही, रविवारी मी काय बोलले आणि त्याच रात्री काय झालं, सगळं सांगितलं. पंखे बंद केल्यासारखी शांतता होती. मग तहानेबद्दल बोलले, पाचेक मिनिटं. खाली बसले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आशीर्वाद होईपर्यंत काढला नाही. कोण होतं ते बघायला मी वळले नाही.

उपासनेनंतर मला एका घरी जावंसं वाटलं. आमच्याच मंडळीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला होता, बरीच वर्षं झाली. दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी महिला मंडळाच्या बायकांना घेऊन गेले होते आणि तीच साखळी सांगितली होती, संकट, धीर, शील, आशा. त्या बाईंनी मान हलवली होती. मी समाधानाने घरी आले होते. आता दार वाजवलं, "सलाम" म्हटलं, आत गेले आणि सांगितलं, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं. मला माफ करा." त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलत होता तेव्हा मी त्याच्या चपलांकडं बघायलेले. दारातच होत्या. तुम्ही त्या ओलांडून आत आलाव." मला त्या चपला दिसल्या नव्हत्या. आम्ही दोघी रडलो. आता महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जाते. त्या मुलाच्या गोष्टी सांगतात, मी ऐकते.

धीर या शब्दाबद्दल पाळकसाहेबांनी एक सांगितलं होतं. पौलाने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं असा आहे. मला तो पटतो. आपण मराठीत धीर 'देतो', जणू बाहेरून देण्याची वस्तू आहे. पण माझ्या घरात तो कुणी आणून दिला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाचला उठणं, बाटली भरणं, वजन करणं, यातून तो कुठेतरी जमत गेला. डाळ शिजताना जशी कधी शिजली ते नेमकं सांगता येत नाही.

मन्न्याची गोष्ट मी बालवाडीत रंगीत चित्रं लावून सांगायचे. रानात इस्राएली लोकांना आकाशातून पडलेलं हे अन्न रोज सकाळी त्या दिवसापुरतंच मिळायचं, आणि ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं त्यात किडे पडले. लहान मुलांना किडे फार आवडतात. खरा अर्थ मला बाटलीने शिकवला. सुरुवातीला मी रात्री पडल्या पडल्या पुढची दहा वर्षं मोजायचे. मुलीचं शिक्षण, घरभाडं, रक्त वाढवायच्या इंजेक्शनचे पैसे. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं हा मोठा आधार, पण इंजेक्शनं, तपासण्या, जाणं-येणं हातातलंच. आणि ह्यांचा पगार बंद. पुण्याला प्रत्यारोपणाची चौकशी केली. माझा रक्तगट जुळला नाही, शिवाय मला साखर निघाली. प्रतीक्षायादीत नाव घातलं. परत येताना गाडी केडगावला थांबली. पंडिता रमाबाईंचं गाव. दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही. त्यानंतरही त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं भाषांतर करत राहिल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. मी खिडकीतून फलाटाकडे बघत होते. त्या बाईंनी शेवटच्या महिन्यांत दहा वर्षांचा हिशेब नक्की मांडला नसेल. आजचं पान, एवढंच समोर असेल. त्या रात्रीपासून मी पुढचं मोजणं सोडायला लागले. एकदम सुटलं नाही. अजूनही कधी कधी मोजते.

घेणं शिकायला आणखी वेळ लागला. मंडळीच्या गरजू निधीचं पाकीट वर्षानुवर्षं मी लोकांच्या घरी पोचवलं होतं. तेच पाकीट जेव्हा माझ्या दारात आलं, तेव्हा मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला द्या. आणणाऱ्या मुलीने ते मुकाट्याने परत नेलं. संध्याकाळी शेजारच्या अक्कांनी मला झापलं. अक्का पद्मशाली, विड्या वळतात, मार्कंडेयाला मानतात. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, मांडीवर कात्री, आणि हात थांबत नाहीत. म्हणाल्या, "तू दुसऱ्याच्या घरी पैसे घेऊन जायचीस तवा बरं वाटत होतं ना? मग दुसऱ्याचं बरं वाटणं का काढून घेतेस गं?" दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाकीट मागून आणलं. लाज वाटली. अक्कांचा मुलगा आजही आम्हाला सोडतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असतात, तेव्हा गल्लीबोळांतून लांबचा फेरा घेऊन नेतो आणि भाडं नेहमीचंच घेतो.

ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला केला आहे. शीर आणि धमनी जोडतात, ती फुगून जाड होते, मग त्यात सुया घालता येतात. त्या हातावर दाब द्यायचा नाही, वजन उचलायचं नाही. हे भजनाला तबला-डग्गा वाजवायचे, आणि डग्गा डाव्या हाताचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणताना त्यांचा घुमारा अख्ख्या मंडळीला पुरायचा. तो बंद झाला. डग्ग्यावर तेव्हापासून खोळ आहे. उजव्या हाताने ते आता झांज वाजवतात.

फिस्टुला चालू आहे का ते रोज बघावं लागतं. कातडीखाली थरथर लागली पाहिजे. थांबली तर लगेच दवाखाना. ते काम माझं. रात्री जेवणं झाली की मी त्यांच्या मनगटाच्या वर तीन बोटं ठेवते. मुंगी चालल्यासारखी, बारीक, न थांबणारी थरथर. कधी कान लावते, तर लांबून माग चालल्यासारखी घरघर ऐकू येते. तेवढ्यात माझी संध्याकाळची प्रार्थना होते. पूर्वी माझी प्रार्थना वीस मिनिटांची असायची, सगळ्या मंडळीची नावं घेऊन. आता बोटाखाली थरथर लागली की "आहे" म्हणते, आणि हेही म्हणतात, "आहे." मग आभार.

त्यांच्या वेळच्या बॅचमधले सुरुवातीचे सहा जण होते, त्यातले तिघे राहिलेत. सोमवारी पलंग रिकामा दिसला की कुणी विचारत नाही. हे त्या पलंगाकडे बघून मान खाली घालतात, मी मनात नाव घेते. नावं वेगवेगळ्या धर्मांची आहेत. देवाला ती माझ्या तोंडून चालत असावीत.

आज गुरुवार. उन्हाळा लागलाय. सकाळपासून सहाशे झालं, मी मोजलंय, अजून दीडशे शिल्लक आहे. ते हे रात्री जेवल्यावर घेतील, सावकाश, घोट घोट करून. तोवर मी उद्याची बाटली भरून ठेवते. अक्कांचा मुलगा साडेपाचला येतो.